स्वयंपाकघरातला तापता कंगवा

विसाव्या शतकातल्या अमेरिकेत असंख्य कृष्णवर्णीय मुलींची शनिवारची संध्याकाळ स्वयंपाकघरात जाई. केस धुऊन वाळवलेले, खांद्यांवर टॉवेल आणि शेगडीच्या जाळावर तापत ठेवलेला धातूचा कंगवा. आई एक बट वेगळी काढी, तिला तेलकट मलम लावी, मुलीला कान दुमडून धरायला सांगे आणि तो कंगवा मुळापासून टोकापर्यंत ओढी. चर्र आवाज होई, जळका वास सुटे, कधी कानाची पाळी भाजे. रविवारी मुलगी सरळ, चकचकीत केसांनी चर्चमध्ये बसे. पावसाची एक सर आली की केस पुन्हा आपल्या वळणावर.

या आयांना निर्दयी ठरवणं अन्यायाचं होईल. कुरळे केस म्हणजे अस्वच्छ, गबाळे, हे गोऱ्या समाजाने ठरवून टाकलं होतं आणि त्या निकालाची झळ लेकीला लागू नये म्हणून त्या झटत होत्या.

केसांचा हा पेच गुलामगिरीपासूनचा. गुलाम म्हणून आणलेल्या माणसांना आफ्रिकेतले लांब, विरळ दातांचे कंगवे सोबत आणता आले नाहीत. १९३०च्या दशकात एका सरकारी प्रकल्पाने २,३००हून अधिक माजी गुलामांच्या आठवणी टिपून घेतल्या. त्यांच्यातले बरेच जण गुलामगिरीच्या काळात लहान मुलं होते. लोकर पिंजायच्या दातेरी फणीने केस विंचरल्याचं त्यांच्यातल्या काहींनी सांगितलं आहे. आठवडाभर केस दोऱ्याने गुंडाळून ठेवायचे आणि रविवारी सोडायचे, हेही. दोरा गुंडाळायची ही रीत पश्चिम आफ्रिकेतली. साधनं गेली तरी हातांनी ती जपली.

पुढे केसांची उत्पादनं विकणाऱ्या मादाम सी. जे. वॉकर यांचा जन्म १८६७चा, लुइझियानातल्या कापसाच्या मळ्यावरचा. सातव्या वर्षी पोरक्या झालेल्या या बाईंनी धुणं धुऊन मुलगी वाढवली. डोक्याच्या त्वचेच्या विकाराने स्वतःचे केस गळू लागले, तेव्हा त्यांनी उपाय शोधले आणि १९०६च्या सुमारास गंधकाचं मलम विकायला सुरुवात केली. गरम कंगव्याचा शोध त्यांच्या नावावर खपवला जातो, ते खोटं. कंगवा आधीपासून होता. त्यांचं खरं मोठेपण वेगळंच: घरात नळ नसलेल्या बायकांना त्यांनी केस नियमित धुवायला आणि त्वचेची निगा राखायला शिकवलं.

दाट कुरळ्या केसांना ही निगा लागतेच. केस वळणावळणाने वाढतो, त्यामुळे त्वचेतलं तेल टोकापर्यंत पोचत नाही. केस कोरडा पडतो आणि बारीक दातांच्या कंगव्याने तुटतो. म्हणून तो ओला करून, कंडिशनर लावून, थोडे थोडे भाग पाडून, टोकाकडून मुळाकडे सोडवायचा असतो. मूल कमी रडतं ते यामुळे. १९६०च्या दशकात सॅन डिएगोचे न्हावी विली मोरो यांनी नायजेरियातून आलेल्या एका लाकडी कंगव्यावरून तसे कंगवे बनवून विकले. ज्या केसांसाठी कंगवा घडला, त्यांच्यापर्यंत तो पुन्हा पोचला.

तरी सरळ केसांचा सोस सुटला नाही. केस कायमचे सरळ करणारी रसायनं पुढे खास मुलींसाठीही, हसऱ्या चेहऱ्यांच्या खोक्यांतून बाजारात आली. २०२२मध्ये अमेरिकी आरोग्य संशोधकांनी केस सरळ करणारी उत्पादनं वारंवार वापरणाऱ्या स्त्रियांत गर्भाशयाच्या कर्करोगाचं प्रमाण जास्त आढळल्याचं मांडलं. अभ्यास प्रौढ स्त्रियांचा होता, पण लेकींच्या डोक्याला ही रसायनं लावणाऱ्या घरांनी तो गांभीर्यानेच घ्यायला हवा.

कायदा फार उशिरा जागा झाला. वेण्या, जटा किंवा नैसर्गिक कुरळ्या केसांवरून शाळेत वा नोकरीत भेदभाव करायला कॅलिफोर्नियाने २०१९मध्ये बंदी घातली. असं करणारं ते पहिलं राज्य. पुढे इतर राज्यांनीही तसे कायदे केले. देशभर लागू होणारं विधेयक २०२२मध्ये प्रतिनिधीगृहात मंजूर झालं आणि सिनेटमध्ये अडलं.