गोषा, मुडदूस आणि हृदय

ज्या घरी दूधतुपाची ददात नाही त्या घरच्या लेकरांची हाडे मऊ पडून वाकावीत, आणि ज्याला दोन वेळची भाकरी पुरती मिळत नाही अशा मजुराची मुले मात्र सरळ पायांनी धावावीत, ही उफराटी वाटणारी गोष्ट मुंबई इलाख्यातील नाशिक येथे हचिसन आणि शाह या वैद्यकीय अभ्यासकांच्या ध्यानी आली व १९२२ साली त्यांनी ती प्रसिद्ध केली. मुडदूस हा केवळ अन्नाच्या उणिवेचा रोग असता तर त्याने गरिबांच्या झोपड्यांत ठाण मांडले असते. परंतु तो आढळला तो ज्या सधन हिंदू व मुसलमान कुटुंबांत गोषाचा, म्हणजे बायकांना पडद्याआड ठेवण्याच्या रूढीचा, अंमल कडक होता तेथे, आणि उन्हात राबणाऱ्या बाईच्या कडेवरचे मूल, तिचे अन्न निकृष्ट असूनही, त्यातून सुटलेले दिसले.

या रोगाचे मूळ अन्नात की उन्हात, हा वाद युरोपात जुनाच होता. जपानात मिशनरी डॉक्टर म्हणून राहून स्वदेशी परतलेल्या थिओबाल्ड पाम याने, इंग्लंडच्या धुराने कोंदलेल्या शहरांत पावलोपावली दिसणारा हा रोग पूर्वेकडे इतका विरळ का, या प्रश्नाने अस्वस्थ होऊन ठिकठिकाणच्या मिशनऱ्यांशी पत्रव्यवहार केला आणि १८९० मध्ये सूर्यप्रकाशाचा अभाव हेच मुख्य कारण म्हणून जाहीर केले. पण त्याची दाद फारशी कोणी घेतली नाही. पुढे मेलनबी या संशोधकाने कुत्र्यांवरील प्रयोगांनी कॉड माशाच्या यकृताच्या तेलाचा गुण दाखविला, तर १९१९ मध्ये बर्लिनच्या हुल्डशिन्स्कीने पाऱ्याच्या दिव्याच्या अतिनील किरणांनी मुले बरी केली, तेव्हा तेल खरे की ऊन खरे असा पेच उभा राहिला. वस्तुतः दोन्ही पक्ष खरे होते, कारण तेलात जे द्रव्य आयते मिळते तेच या किरणांच्या योगे मनुष्याच्या त्वचेत निर्माण होते. त्यालाच आपण ड जीवनसत्त्व म्हणतो.

या शोधाची सर्वांत करुण साक्ष मात्र प्रयोगशाळेत नव्हे, तर श्रीनगरच्या जनाना इस्पितळात सापडते. तेथे प्रमुख असलेल्या डॉ. कॅथलीन व्हॉन यांनी, हाडे मऊ होऊन कटिभाग आकसलेल्या, प्रसूती अडून मृत्यूच्या दारी पोहोचलेल्या स्त्रिया पाहिल्या आणि १९२८ साली पडदापद्धतीच्या मातृत्वावरील परिणामांविषयी स्वतंत्र पुस्तक लिहिले. त्याच वर्षी रसायनशास्त्रज्ञ विंडाउस यांना ड जीवनसत्त्वाशी निगडित द्रव्यांवरील संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळाले, तथापि व्हॉनबाईंच्या कार्याचे मोल मला त्याहून तिळमात्र कमी वाटत नाही. हे द्रव्य फुकट मिळत असता ज्यांना रूढीने नाकारले, त्यांची कैफियत त्यांनी जगापुढे मांडली.

हृदयाचा प्रश्न या इतिहासात फार उशिरा आला. हृदयविकाराचे मृत्यू हिवाळ्यात का वाढतात याचा विचार करताना रॉबर्ट स्क्रॅग यांनी १९८१ मध्ये असा तर्क केला की, उन्हाळ्यातील अतिनील किरण व त्यांपासून होणारे ड जीवनसत्त्व हृदयाचे रक्षण करीत असावे. आणि पुढे अनेक पाहण्यांत त्याची उणीव व हृद्रोग एकत्र नांदताना दिसले. परंतु स्क्रॅग यांच्याच न्यूझीलंडमधील पाच हजारांवर लोकांच्या प्रयोगात, व २०१८ मध्ये निष्कर्ष जाहीर झालेल्या अमेरिकेतील २५,८७१ जणांच्या प्रयोगात, हे जीवनसत्त्व घेतल्याने हृद्रोगाचे प्रमाण घटले नाही. प्रौढ व सुपोषित माणसाने केवळ हृदयासाठी याच्या गोळ्या घ्याव्यात, या सल्ल्याला त्यामुळे आधार उरला नाही.

तान्ह्या बाळाची गोष्ट निराळी. ड जीवनसत्त्वाच्या तीव्र अभावी रक्तातील कॅल्शियम घसरते, आणि कॅल्शियमवाचून हृदयाचा स्नायू आकुंचन पावू शकत नाही. तो शिथिल होतो, हृदय फुगते. २००८ साली इंग्लंडमधील डॉक्टरांनी अशा १६ अर्भकांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. ती सर्व कृष्णवर्णीय अथवा भारतीय उपखंडातील वंशाची होती, कारण सावळ्या त्वचेला तेथील मंद ऊन पुरत नाही. त्यांतील ३ दगावली आणि वाचलेल्यांची हृदये उपचाराने हळूहळू पूर्वपदावर आली. ती आईच्या दुधावर होती, आणि आईच्याच शरीरात जे पुरेसे नाही ते तिच्या दुधातून बाळाला कोठून मिळणार?