गोळी, सही आणि सनद

वैद्यकातील मतभेदांचा निवाडा अखेर रोग्याच्या उशाशीच होतो, अशी आपली एक भाबडी समजूत असते. परंतु अमेरिकेतील मिशिगन संस्थानाच्या विद्यापीठाने एकोणिसाव्या शतकात होमिऑपथीशी जो दीर्घ तंटा केला, त्याची कागदपत्रे ॲन आर्बर येथील बेंटली ग्रंथालयाच्या दफ्तरात जपलेली आहेत, आणि त्यांच्या आधाराने त्या तंट्याचा माग काढू गेल्यास औषधाच्या गुणावगुणांपेक्षा पैका कोणाचा, हुकूम कोणाचा आणि सही कोणाची या तीन प्रश्नांनीच वाट अडविलेली दिसते.

या विद्यापीठात वैद्यकशाखा सुरू झाली ती 1850 साली. त्याच वर्षीच्या संस्थानी राज्यघटनेने विद्यापीठाची सर्वसाधारण देखरेख लोकनियुक्त रीजंटांच्या, म्हणजे नियामकांच्या, हवाली केली होती. जर्मन वैद्य हानेमानची समचिकित्सा, म्हणजेच होमिऑपथी, त्या सुमारास अमेरिकेत चांगलीच फैलावलेली होती, तर उलट बाजूस अमेरिकन मेडिकल असोसिएशनने 1847 च्या आपल्या आचारसंहितेने अशा एकांतिक पंथाच्या वैद्यांशी सल्लामसलत करणेही निषिद्ध ठरविले होते. अशा स्थितीत 1855 साली संस्थानच्या विधिमंडळाने वैद्यकशाखेत होमिऑपथीचा निदान एक प्राध्यापक सदैव असावा असा कायदा केला, आणि रीजंटांनी तो नाकारलाही नाही व अमलातही आणला नाही. कारभारातील ही युक्ती आपल्याकडील जुन्या कारकुनांनाही अपरिचित नसावी.

मग विधिमंडळाने तिजोरीच्या किल्लीचा उपयोग केला. 1867 साली त्याने विद्यापीठासाठी एक कर बसविला, तो दर वीस हजार डॉलरांच्या करपात्र मालमत्तेमागे एक डॉलर, परंतु होमिऑपथीचा प्राध्यापक नेमल्याशिवाय त्यातील कवडीही मिळणार नाही, अशी अट घातली. रीजंटांनी हे शिक्षण ॲन आर्बरबाहेर अन्यत्र देण्याची तोड काढून पाहिली. प्रकरण संस्थानच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 1869 साली न्यायमूर्तींची मते समसमान विभागली गेल्यामुळे तेथेही निर्णय लागला नाही. शेवटी 1875 साली वार्षिक सहा हजार डॉलरांची मंजुरी देऊन विधिमंडळाने निराळेच होमिऑपथिक महाविद्यालय उघडविले. त्यात प्राध्यापक दोन होते, सॅम्युएल जोन्स आणि जॉन मॉर्गन. पैकी जोन्स हे पुढे अमेरिकन लेखक थोरोच्या वाङ्मयाचे चिकित्सक अभ्यासक म्हणूनही ओळखले गेले.

शारीर, रसायन इत्यादी सामान्य विषय या महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी जुन्या वैद्यकशाखेच्याच प्राध्यापकांकडे शिकावयाचे आणि औषधिविज्ञान व चिकित्सा तेवढी आपल्या गुरूंकडे, अशी विभागणी ठरली. ती दिसावयास सोयीची होती, पण तिच्यामुळे धर्मसंकट उभे राहिले, कारण ज्याला आपण वैद्य मानीत नाही अशा होतकरू वैद्याला अस्थींची नावे शिकविणे हे पाप की केवळ नोकरी, असा प्रश्न आता त्या प्राध्यापकांपुढे आला. असोसिएशनमध्ये कित्येक वर्षे खल झाला, आणि 1881 साली अशा विद्यार्थ्यांची परीक्षा घेणे किंवा त्यांच्या सनदेवर सही करणे हे संहितेच्या भावनेस धरून नाही, असे ठरविण्यात आले. एका हाडाच्या दोन चिकित्सापद्धती होऊ शकत नाहीत ही साधी गोष्ट त्या वादात कोणी मोठ्याने म्हटली असती तर बरे झाले असते, असे मला आपले वाटते.

परंतु या सर्व प्रकरणाचे खरे फळ आले ते अगदी भलत्याच फांदीवर. 1895 साली विधिमंडळाने हे महाविद्यालय डेट्रॉइटला हलविण्याचा हुकूम काढला. महाविद्यालयाचे प्रमुख ओबेट्झ यांना स्थलांतर हवे होते, आणि मोठ्या शहरात रोगी अधिक मिळतात हे कारणही काही क्षुल्लक नव्हते. तरी रीजंट हलले नाहीत. त्यावर झालेल्या स्टर्लिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1896 साली निर्णय दिला की, घटनेने विद्यापीठाचा कारभार रीजंटांना सोपविला असल्यामुळे त्यात असा हुकूम करण्याचा अधिकार विधिमंडळास नाही. विद्यापीठांच्या स्वायत्ततेची चर्चा करताना अमेरिकन कायदेपंडित आजही ज्या निवाड्याचा हवाला देतात, तो साबुदाण्याएवढ्या गोड गोळ्यांच्या भांडणातून निपजला, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

त्याच सुमारास विल्बर्ट हिन्सडेल यांच्या हाती महाविद्यालयाची सूत्रे आली. 1900 साली नवे रुग्णालय उभे राहिले. 1889 च्या सुमाराचे येथील पदवीधर रॉयल कोपलँड पुढे न्यूयॉर्कचे सिनेटर होऊन 1938 च्या अन्न व औषध कायद्याचे प्रणेते झाले, आणि त्या कायद्यात होमिऑपथीच्या औषधकोशालाही मान्यता मिळाली. पण तोवर मूळ विद्यालय उरले नव्हते. प्रयोगशाळांचा खर्च वाढत गेला, 1910 च्या फ्लेक्स्नरच्या अहवालाने पंथीय वैद्यकशाळांवर कठोर टीका केली, आणि 1922 साली हे महाविद्यालय सामान्य वैद्यकशाखेत विलीन करण्यात आले. हिन्सडेल तेव्हा सत्तरीच्या घरात होते. त्यांनी विद्यापीठ सोडले नाही, तर त्याच्याच संग्रहालयात बसून मिशिगनमधील आदिवासींची प्राचीन वसतिस्थाने, पायवाटा आणि मृत्तिकास्तूप यांची नोंद आरंभली, आणि 1931 साली त्यांचा नकाशासंग्रह प्रसिद्ध झाला.