रंगांधळे सर्किट आणि सतरा जणांचे डोळे

१/ जुन्या घरांच्या वायरिंगमध्ये लाल तार फेजची, काळी न्यूट्रलची आणि हिरवी अर्थिंगची. माझा धाकटा भाऊ मामांच्या हाताखाली हे काम शिकतो आहे, आणि त्याला लाल व हिरवा यांतील भेद नीट दिसत नाही. अंधाऱ्या माळ्यावर धूळ बसलेल्या दोन तारा समोर आल्या की तो थबकतो. त्याला तारेचा रंग सांगणारे एखादे लहान उपकरण करून द्यावे, असे माझ्या मनात आले. मी इतिहासाची विद्यार्थिनी. सोल्डरिंगचा हात नव्हता. तरीही उपकरण तयार झाले, आणि पहिल्याच रात्री त्याने हिरव्या तारेला लाल ठरवले. चूक कुठे झाली हे शोधता शोधता मी १८६१ सालच्या लंडनमध्ये जाऊन पोहोचले. आजचा धागा त्याविषयी. जरा लांब आहे.

२/ १७ मे १८६१. रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेल व्याख्यानास उभे होते. माणसाला दिसणारे सारे रंग तीन मूळ संवेदनांतून घडतात, हे थॉमस यंग यांचे मत त्यांना प्रत्यक्ष दाखवायचे होते. छायाचित्रकार थॉमस सटन यांनी एका चौकडीच्या फितीची छायाचित्रे लाल, हिरव्या व निळ्या द्रावणांतून घेतली होती. प्रत्येक छायाचित्र कृष्णधवल. तीन दिव्यांच्या साहाय्याने, त्याच तीन रंगांतून ती पडद्यावर एकावर एक पाडली, आणि फीत रंगीत दिसू लागली.

३/ बहुतेक पुस्तके ही हकिकत इथेच संपवतात. खरी गंमत पुढे आहे. त्या काळच्या काचांवरील रसायनाला लाल प्रकाश जवळजवळ जाणवतच नसे. मग ‘लाल’ छायाचित्र उमटले कसे? बरोबर शंभर वर्षांनी, १९६१ साली, कोडॅकचे राल्फ एव्हान्स यांनी या प्रयोगाची फेरतपासणी केली. फितीतील लाल कापड डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरणही परावर्तित करीत होते, आणि लाल द्रावण त्या किरणांना वाट देत होते. काचेवर उमटले ते अतिनील. सभागृहाने पाहिले ते लाल. सिद्धान्त खरा होता, पण त्या दिवशीचा पुरावा भलत्याच वाटेने आला होता. ही गोष्ट लक्षात ठेवा, माझ्या उपकरणापाशी ती पुन्हा येणार आहे.

४/ प्रकाशाचे मोजमाप विजेने करता येईल, हे कळले तेही अपघातानेच. समुद्राच्या तळाशी टाकल्या जाणाऱ्या तारेच्या चाचणीसाठी विलोबी स्मिथ यांना फार मोठा विद्युत्‌रोध हवा होता. त्यासाठी त्यांनी सेलेनियमच्या कांड्या वापरल्या. कांड्यांचा रोध स्थिर राहीना. पेटीचे झाकण उघडे असले की तो घटे, झाकले की वाढे. १८७३ च्या फेब्रुवारीत त्यांनी हे जाहीर केले. पुढे एल्स्टर आणि गायटेल या दोन जर्मन शालेय शिक्षकांनी सोडियम, पोटॅशियम यांसारख्या धातूंचे प्रकाशघट घडवले.

५/ पण या साऱ्या घटकांची एक मर्यादा समान होती, आणि ती आजही आहे: प्रत्येक घटक रंगांधळा असतो. प्रकाशाचा एक कण शोषला गेला की एक इलेक्ट्रॉन मोकळा होतो. कोणत्या रंगाच्या कणाने आपल्याला सोडवले, याची कोणतीही खूण तो इलेक्ट्रॉन बाळगत नाही. हिरव्या प्रकाशाने वाहिलेला एक मायक्रोअँपिअर आणि लाल प्रकाशाने वाहिलेला एक मायक्रोअँपिअर यांत काडीचाही फरक नसतो. सुईवर दिसणारा आकडा अंधुक हिरव्याचा की प्रखर लालचा, हे एकटा घट सांगूच शकत नाही.

६/ आपल्या डोळ्यांतील शंकुपेशीही एकेकट्या अशाच रंगांधळ्या असतात. त्यांच्या तीन प्रकारांची तुलना मेंदू करतो, तेव्हा रंग जन्मतो. माझ्या भावाच्या दृष्टिदोषात या तिन्हींपैकी एक प्रकार नसतो, किंवा दुसऱ्याच्या फार जवळ सरकलेला असतो. यंत्रालाही रंग ‘दाखवायचा’ तर उपाय मॅक्सवेलचाच: समोर तीन फिल्टर, तीन आकडे आणि त्यांचे गुणोत्तर.

७/ मग प्रश्न आला तो ‘बरोबर रंग’ कोणी ठरवायचा याचा. १९२० च्या दशकात एमआयटीतील आर्थर हार्डी यांनी एक यंत्र बांधले. वस्तू कोणत्या तरंगलांबीचा किती प्रकाश परतवते, याचा आलेख ते प्रकाशघटाच्या मदतीने आपोआप काढत असे. १९३५ पासून जनरल इलेक्ट्रिकने ते विक्रीस आणले. परंतु आलेख म्हणजे रंग नव्हे. दोन अगदी वेगळ्या आलेखांच्या वस्तू डोळ्यांना एकसारख्या दिसू शकतात. आलेखाचे रंगात रूपांतर करायचे तर मधे माणूस हवा.

८/ हा माणूस कागदावर तयार झाला १९३१ साली, केंब्रिज येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय प्रकाशयोजना आयोगाच्या बैठकीत. त्याचे नाव ‘प्रमाण निरीक्षक’. त्याच्या पाठीशी दोन इंग्रज संशोधकांची मोजमापे होती. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात डब्ल्यू. डी. राइट यांनी १० जणांच्या डोळ्यांची परीक्षा घेतली, टेडिंग्टनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत जॉन गिल्ड यांनी ७ जणांच्या. निरीक्षक एका छिद्रातून एक लहानसे वर्तुळ पाही. हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या नखाएवढेच ते असे. अर्ध्या भागात वर्णपटातील एक शुद्ध रंग, दुसऱ्या अर्ध्यात तीन प्रकाशांचे मिश्रण. मधली रेघ नाहीशी होईपर्यंत प्रमाण कमी-जास्त करीत राहायचे, आणि एकेका तरंगलांबीसाठी हेच पुन्हा. दोन्ही प्रयोगशाळांचे निष्कर्ष जुळले, त्यांची सरासरी काढली गेली आणि त्या सरासरीला प्रमाण मानले गेले.

सतरा माणसे! पुढे अधिक निरीक्षकांवर आधारलेले, रुंद दृष्टिक्षेत्राचे दुसरे प्रमाण १९६४ साली आले; पण तुम्ही हा धागा ज्या पडद्यावर वाचत आहात, त्याचे लाल-हिरवे-निळे आजही १९३१ च्याच आलेखावर नोंदले जातात. माझ्या भावासारखे डोळे त्या सरासरीत नव्हते, असूही शकत नव्हते. हा कोणाचा अन्याय होता असे मी म्हणणार नाही. मात्र ‘सामान्य दृष्टी’ ही निसर्गात आयती सापडलेली वस्तू नाही. तिची निवड झाली, मोजणी झाली आणि बैठकीत तिला संमती मिळाली, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने तरी विसरू नये.

९/ १९४२ साली अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सचे रिचर्ड हंटर यांनी तीन फिल्टर आणि प्रकाशघट एवढ्यावरच रंग मोजण्याच्या पद्धतीची पुस्तिका प्रसिद्ध केली. घट आणि फिल्टर मिळून त्या प्रमाण निरीक्षकाच्या जवळपास वागतील अशी जुळणी साधायची, ही त्यामागची युक्ती. माझे सर्किट याच घराण्यातले. टीसीएस३२०० नावाच्या चिपवर ६४ फोटोडायोड असतात: १६ लाल फिल्टरखाली, १६ हिरव्या, १६ निळ्या आणि १६ उघडे. दोन पिनांवरील संकेत बदलला की गट बदलतो. प्रकाश जितका जास्त, तितकी बाहेर पडणाऱ्या स्पंदांची वारंवारता जास्त. आर्डुइनो ती मोजतो, आणि तीन आकडे मिळतात.

१०/ आता ती पहिली रात्र. बॅटरी वाचावी म्हणून मी मोड्यूलवरचे पांढरे एलईडी बंद ठेवले होते आणि खोलीतल्या पिवळ्या बल्बच्या उजेडात हिरवी तार समोर धरली होती. तापलेल्या तंतूचा बल्ब दृश्य प्रकाशापेक्षा कितीतरी अधिक अवरक्त किरण सोडतो. चिपवरचे फिल्टर अवरक्त किरणांना अडवत नाहीत आणि सिलिकॉनला ते उत्तम जाणवतात. त्यामुळे लालचा आकडा फुगला. मॅक्सवेलना अतिनीलाने चकवले, मला अवरक्ताने; फरक एवढाच की त्यांचे उत्तर बरोबर आले.

उपाय साधा निघाला. काळ्या कागदाची नळी करून बाहेरचा उजेड तोडला, एलईडी चालू ठेवले. आधी पांढरा कागद, मग काळा कागद दाखवून दोन टोकांचे आकडे नोंदवले आणि प्रत्येक वाचन त्यांच्या मध्ये बसवले. आता स्वच्छ पुसलेली तार ते बरोबर ओळखते. उन्हाने विटलेल्या लाल तारेपाशी मात्र अजून अडखळते.

११/ मामांनी उपकरण उलटसुलट करून पाहिले. ते आईचे सख्खे भाऊ, आणि हा दोष आईकडूनच मुलाकडे येतो; त्यामुळे त्यांनी स्वतः रंग कधी नीट पाहिले असतील का, अशी मला शंका आहे. त्यांनी एवढेच विचारले, “तारेत करंट आहे का, ते सांगतं का हे?”

“नाही मामा. फक्त रंग.”

“आधीच्या वायरमनकडे हिरवी तार संपली असेल आणि त्यानं लालच अर्थिंगला ओढली असेल, तर?” मग भावाकडे वळून म्हणाले, “ताईनं केलंय, जपून वापर. पण आधी टेस्टर लाव.”

उपकरण आता त्याच्या पिशवीत असते, टेस्टरच्या शेजारी.