ख्रिस्ती कला संग्रहालय (जुने गोवे)

जुन्या गोव्यातील सांता मोनिका कॉन्व्हेंटच्या चर्चमध्ये वसलेले संग्रहालय. आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस यांच्या पुढाकाराने 1606 मध्ये या ऑगस्टिनियन जोगिणींच्या मठाची पायाभरणी झाली व 1627 मध्ये काम पुरे झाले. 1636 च्या आगीनंतर तो पुन्हा उभारण्यात आला. 1834 नंतर पोर्तुगीज राजवटीने धर्मसंघांवर बंदी घातल्याने नव्या जोगिणी येणे थांबले; शेवटची 1885 मध्ये वारली. मठ एका फर्मानाने रिकामा झाला नाही, पन्नास वर्षे ओसरत गेला.

संग्रहालयाची सुरुवात 1994 मध्ये राशोल सेमिनरीत झाली. 2002 मध्ये ते येथे आले. नूतनीकरणानंतर 2022 मध्ये ते पुन्हा खुले झाले. हस्तिदंती मूर्ती, चांदीची उपकरणे, वस्त्रे व चित्रे हा मुख्य संग्रह. घडण बहुधा स्थानिक कारागिरांच्या हातची, विषय युरोपचा. सर्वांत लक्षवेधी वस्तू म्हणजे सतराव्या शतकातील पेलिकन पक्ष्याच्या आकाराचे चांदीचे पात्र. स्वतःची छाती फोडून पिलांना रक्त पाजणारा पेलिकन हे ख्रिस्ताच्या बलिदानाचे प्रतीक. म्हणूनच पवित्र भाकर ठेवण्याची जागा नेमकी छातीत आहे. काचेमागे ते दागिन्यासारखे दिसते. मुळात ते वेदीसाठी घडवलेले होते.