स्टोरेज अ‍ॅरेचा एक कंट्रोलर बंद पडला तर? फेलओव्हर आणि फेलबॅक म्हणजे काय?

बँकेचे व्यवहार असोत की हॉस्पिटलमधल्या नोंदी, मोठा डेटा अनेकदा सर्व्हरच्या आत नसतो. तो स्टोरेज अ‍ॅरे नावाच्या वेगळ्या यंत्रात असतो. अ‍ॅरेतल्या अनेक डिस्क एकत्र करून त्यातून 'व्हर्च्युअल डिस्क' कापल्या जातात आणि सर्व्हरला त्या साध्या डिस्कसारख्या दिसतात.

डेलच्या पॉवरव्हॉल्ट एमडी3000 मालिकेसारख्या अ‍ॅरेत दोन रेड कंट्रोलर बसवता येतात. पण एका वेळी एका व्हर्च्युअल डिस्कचा मालक एकच कंट्रोलर असतो. डिस्क तयार करताना ठरलेल्या मालकाला 'प्रीफर्ड ओनर' म्हणतात. निम्म्या डिस्क एकाकडे आणि निम्म्या दुसऱ्याकडे दिल्या की काम वाटलं जातं.

फेलओव्हर कधी होतं?

कंट्रोलर बिघडला की त्याच्या डिस्क दुसऱ्याकडे जातात, हे उघड आहे. पण कंट्रोलर ठणठणीत असताना नुसती केबल निघाली तरी तेच होतं. सर्व्हरवरचा मल्टिपाथ ड्रायव्हर बंद झालेला रस्ता ओळखतो आणि मालकी दुसऱ्या कंट्रोलरकडे वळवतो. हा ड्रायव्हर नसेल तर दोन कंट्रोलर असूनही उपयोग नाही. सर्व्हरला एकच डिस्क दोनदा दिसते आणि रस्ता तुटला की डेटाबेस अडकतो.

दुसरी चूक त्याहून साधी: दोन्ही केबल एकाच कंट्रोलरला जोडणं. कागदावर दोन रस्ते दिसतात, पण तो कंट्रोलर गेला की दोन्ही जातात.

फेलबॅक आपोआप असावं का?

दुरुस्तीनंतर डिस्क मूळ मालकाकडे परत जाणं म्हणजे फेलबॅक. एकटा सर्व्हर असेल तर ते आपोआप होऊ द्यायला सहसा हरकत नसते. खरी अडचण येते क्लस्टरमध्ये. समजा, पहिल्या सर्व्हरची 'अ' कंट्रोलरकडची केबल तुटली. तो डिस्क 'ब'कडे नेतो. दुसऱ्या सर्व्हरचे दोन्ही रस्ते शाबूत आहेत, म्हणून तो ती पुन्हा 'अ'कडे ओढतो. मग पहिला परत 'ब'कडे. या रस्सीखेचीत प्रत्यक्ष वाचन-लेखन मागे पडतं. म्हणूनच अशा अ‍ॅरेवर क्लस्टर चालवताना आपोआप फेलबॅक बंद ठेवतात.

लिनक्समध्ये हे मल्टिपाथच्या कॉन्फिगरेशन फाइलमधल्या 'फेलबॅक' या ओळीवर ठरतं. 'इमिजिएट' लिहिलं तर रस्ता सुरू होताच डिस्क परत जाते, 'मॅन्युअल' लिहिलं तर माणसाने हलवेपर्यंत थांबते. आकडा लिहिला तर तितके सेकंद वाट पाहिली जाते. लटकणाऱ्या केबलसाठी हा पर्याय कामाचा आहे. क्लस्टरसाठी 'फॉलोओव्हर' नावाचा पर्यायही आहे.

मॅन्युअल ठेवल्यावर

मग लक्ष ठेवावं लागतं. फेलओव्हर झाल्यावर काम सुरूच असतं, त्यामुळे कुणाला कळतही नाही. सगळा भार मात्र एका कंट्रोलरवर असतो आणि आता तो गेला तर पर्याय उरत नाही. शिवाय जोडीदार बंद असताना कॅशेची दुसरी प्रत ठेवता येत नाही. मग डेटा थेट डिस्कवर लिहावा लागू शकतो आणि वेग घसरतो.

व्यवस्थापन सॉफ्टवेअर 'डिस्क प्रीफर्ड पाथवर नाही' असा इशारा देतं. आधी मालकी का बदलली ते शोधायचं, ते दुरुस्त करायचं आणि मग वर्दळ कमी असताना 'रिडिस्ट्रिब्यूट' पर्यायाने डिस्क परत पाठवायच्या.