थंडाव्याची लांबची वाट

जुन्या पोर्शे ९११चा एसी गार करत नाही, याचं खापर सर्रास गॅसवर फोडलं जातं. खरी खोट आराखड्यात आहे. १९६३ साली फ्रँकफर्टला ही गाडी मांडली गेली ती एसीचा विचार न करता. तो नंतर, जागा सापडेल तिथे कोंबला गेला. इंजिन मागे म्हणून त्यावर चालणारा कॉम्प्रेसर मागे, हवा गार करणारा इव्हॅपोरेटर मात्र पुढच्या डिकीत. मधली वाट रबरी नळ्यांची, आणि त्या रबरातून गॅस वर्षानुवर्षं झिरपणार. त्यात उष्णता बाहेर टाकणारा एक कंडेन्सर इंजिनाच्या झाकणालाच, म्हणजे शेगडीवर माठ ठेवल्यासारखा! गाडी सिग्नलला थांबली, की इंजिनाचा पंखा मंदावतो आणि आतला वारा कोमट होतो.

कुणी म्हणेल, १९८७च्या मॉन्ट्रियल करारामुळे आर-१२ हा जुना गॅस गेला, आर-१३४ए हा नवा आला, तिथेच बिघडलं. तथ्य आहे: नव्या गॅसचे रेणू लहान, कॉम्प्रेसरचं जुनं खनिज तेल त्यात मिसळत नाही. पण रबर आर-१२च्या काळातही झिरपतच होतं. म्हणून जाणता मेकॅनिक गॅस भरण्याआधी नळ्यांच्या सांध्यांवर तेलकट डाग शोधतो, आणि नळ्याच बदलायला सांगतो.