घरचा नेब्युलायझर: कप, मास्क आणि नळी स्वच्छ कशी ठेवावी

दम्याचा किंवा सीओपीडीचा रुग्ण घरात असला की आज ना उद्या नेब्युलायझर घरी येतो. दुकानदार तो जोडून दाखवतो, डॉक्टर औषध लिहून देतात. तो धुवायचा कसा हे मात्र बहुतेक वेळा कोणीच सांगत नाही. माहितीपुस्तिका खोक्यात आणि खोके माळ्यावर जाते. म्हणून मी रुग्णाच्या नातेवाइकांना पुढच्या तपासणीला येताना यंत्राचा कप आणि मास्क सोबत आणायला सांगतो. कप उजेडात धरला की घरात काय चालले आहे ते समजते. तळाशी पांढरट थर, कडेला चिकट डाग, कधी कधी काळे ठिपके.

'वाफ' या शब्दाने होणारा घोटाळा

आपल्याकडे नेब्युलायझर लावण्याला सर्रास 'वाफ देणे' म्हणतात. वाफ म्हटले की उकळते पाणी डोळ्यांसमोर येते आणि उकळलेल्या पाण्यात जंतू कसे राहतील, असे वाटते. पण नेब्युलायझरमध्ये काहीच उकळत नाही. यंत्रातला कॉम्प्रेसर हवा दाबून नळीवाटे कपात सोडतो. कपाच्या तळाच्या बारीक छिद्रातून ती हवा जोराने बाहेर पडते आणि औषधाचे सूक्ष्म तुषार उडवते. हे थंड धुके असते.

त्यातले उपयोगी तुषार साधारण १ ते ५ मायक्रॉन आकाराचे असतात. इतके लहान असल्यामुळेच ते नाकात-घशात न अडकता श्वासनलिकांच्या खोलवरच्या फांद्यांपर्यंत पोहोचतात. कपात जंतू असतील तर तेही याच तुषारांबरोबर, जिवंत, तिथपर्यंत जातात. स्युडोमोनास नावाचा जीवाणू ओलसर जागी मजेत वाढतो आणि न धुतलेल्या कपात तो सापडतो. निरोगी माणसाचे फुप्फुस थोड्याफार जंतूंचा निकाल लावते. पण ज्याला नेब्युलायझर लागतो, त्याच्या फुप्फुसाची ही ताकद आधीच कमी झालेली असते.

प्रत्येक वापरानंतर काय करावे?

यंत्र बंद करा, प्लग काढा. कपात उरलेले औषध फेकून द्या. प्रत्येक वेळी अर्धा ते एक मिली औषध तळाशी राहतेच. ते पुढच्या वेळेसाठी ठेवायचे नसते. कपाचे झाकण, आतला छोटा सुटा भाग, माउथपीस किंवा मास्क असे सगळे वेगळे करा. हा आतला छोटा भाग धुताना मोरीत वाहून जातो आणि त्याच्याशिवाय कप निरुपयोगी होतो, म्हणून सगळे एका वाडग्यात घेऊनच धुवा.

कोमट पाण्यात भांडी धुण्याच्या लिक्विडचे दोन-चार थेंब पुरेसे आहेत. राख, भांड्यांची पावडर किंवा तारेची घासणी नको. प्लास्टिकवर ओरखडे पडले की त्यात जंतूंना घर मिळते. छिद्रात टाचणी किंवा काडी घालू नका; छिद्र थोडे जरी मोठे झाले तरी तुषार मोठे होतात आणि औषध घशातच बसते. साबण पूर्ण निघेपर्यंत धुवा, पाणी झटका आणि स्वच्छ कपड्यावर किंवा टिश्यू पेपरवर भाग सुटे सुटे पसरून ठेवा.

वाळवणे हे धुण्याइतकेच महत्त्वाचे आहे. घाईत पंचाने किंवा साडीच्या पदराने पुसून लगेच डब्यात भरले की सगळी मेहनत वाया जाते. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, जिथे कपडेसुद्धा दोन दिवस वाळत नाहीत, तिथे हे भाग पंख्याखाली ठेवावेत. शक्य असेल तर कप-मास्कचा दुसरा संच घ्यावा, म्हणजे एक वाळेपर्यंत दुसरा वापरता येतो. वाळवायला बाल्कनी नको. तिथे कबुतरे येत असतील तर अजिबात नको. त्यांच्या विष्ठेची धूळ स्वतःच फुप्फुसाच्या आजाराचे कारण ठरू शकते.

नळीचे मात्र उलटे आहे. यंत्रापासून कपापर्यंत जाणारी नळी धुवायची नसते, कारण तिच्यातून फक्त हवा जाते आणि एकदा आत पाणी शिरले की ते लवकर निघत नाही. नळीत दव दिसले तर कप काढून यंत्र दोन-तीन मिनिटे नुसते चालवा, हवेने नळी आतून कोरडी होते. आतून काळी किंवा हिरवट झालेली नळी बदला.

उकळावे का?

साबणाने मळ निघतो, सगळे जंतू मरत नाहीत. म्हणून रोज वापर असेल तर दिवसातून एकदा निर्जंतुकीकरण करावे. सिस्टिक फायब्रोसिस, ब्रॉन्किएक्टेसिस असलेल्यांनी, केमोथेरपी सुरू असलेल्यांनी किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी ते प्रत्येक वापरानंतर करणे चांगले. अधूनमधूनच लागत असेल तर ठेवून देण्यापूर्वी एकदा करा.

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे उकळणे. आधी साबणाने धुतलेले भाग पाण्यात पूर्ण बुडवा आणि उकळी फुटल्यानंतर ५ मिनिटे ठेवा. पातेले मोठे घ्या, कारण तळाला टेकून प्लास्टिक वितळते. बाळाच्या दुधाच्या बाटल्यांचे विजेचे स्टेरिलायझर घरात असेल तर तेही चालते. कुकर मात्र वापरू नका. दाबाखाली तापमान १०० अंशांच्या वर जाते आणि कप वाकडा होतो. मऊ पारदर्शक मास्क अनेकदा उकळण्यायोग्य नसतात. कोणता भाग उकळता येतो हे पुस्तिकेत दिलेले असते, तेवढ्यासाठी तरी ती माळ्यावरून काढा.

काही पुस्तिकांत पांढऱ्या व्हिनेगरच्या पाण्यात भाग भिजवायला सांगितलेले आढळते. त्याने पांढरा थर चांगला निघतो, पण सर्व प्रकारचे जंतू मारण्यासाठी त्यावर विसंबू नये.

कपात काय घालायचे, काय नाही

औषध पातळ करायचे असेल तर फक्त निर्जंतुक ०.९ टक्के सलाइन. नळाचे, माठाचे किंवा फिल्टरचे पाणी नाही. लिजिओनेला हा न्यूमोनिया करणारा जंतू पाण्यात असतो आणि तो पाण्याच्या तुषारांतूनच फुप्फुसात जातो. घरी मीठ घालून उकळलेले पाणीही नको. डिस्टिल्ड वॉटर शुद्ध असले तरी दमा असलेल्यांमध्ये नुसत्या पाण्याच्या तुषारांनी श्वासनलिका आकसतात.

आणखी एक सवय मला वारंवार दिसते. स्वस्त पडते म्हणून १०० मिली सलाइनची बाटली आणायची आणि सुईने रोज थोडे थोडे काढायचे. एकदा सुई टोचली की ती बाटली निर्जंतुक राहत नाही. आठवडाभर कपाटावर पडलेली तर नाहीच. २ ते ५ मिलीच्या छोट्या प्लास्टिकच्या कुप्या मिळतात, त्या वापरा आणि उरलेले फेका. औषधाच्या रेस्प्यूलबाबतही तेच. उघडलेली रेस्प्यूल उद्यासाठी फ्रिजमध्ये ठेवू नका. दोन औषधे एकत्र करायची असतील तर ती एकत्र चालतात का, हे डॉक्टरांना विचारून घ्या.

निलगिरीचे तेल, बाम, कापूर, ओव्याचा अर्क, काढा यांतले काहीही नेब्युलायझरमध्ये घालू नये. तेलाचे तुषार फुप्फुसात गेले तर तिथून ते बाहेर काढण्याची शरीराकडे चांगली सोय नाही, आणि त्यातून वेगळ्या प्रकारचा न्यूमोनिया होतो. अमेरिकेत २०१९ मध्ये ई-सिगारेट म्हणजे वेप ओढणाऱ्या अनेक तरुणांना फुप्फुसाची गंभीर इजा झाली. तिचा घनिष्ठ संबंध द्रवात मिसळलेल्या व्हिटॅमिन ई अॅसिटेट या तेलकट पदार्थाशी आढळला. वेपचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. 'मी ते रोज स्वच्छ धुतो, मग काय हरकत आहे?' असे तरुण रुग्ण विचारतात. वेपमधला अपाय मुख्यतः तापवलेल्या द्रवाचा आणि निकोटिनचा आहे. धुतल्याने तो जात नाही. भारतात २०१९ पासून त्याच्या विक्रीवर कायद्याने बंदी आहे.

'औषध लागू पडत नाही' असे वाटल्यास आधी यंत्र बघा

सीओपीडीच्या एका आजोबांना त्यांची सून 'डोस वाढवून द्या' म्हणून घेऊन आली होती. चौकशी करता कळले की पूर्वी १० मिनिटांत संपणारे औषध आता २५ मिनिटे चालते, आणि कंटाळून आजोबा अर्ध्यावरच मास्क काढतात. आजार वाढलेला नव्हता. कपाच्या छिद्रात औषधाचा थर बसला होता आणि यंत्राचा फिल्टर करडा पडला होता. नवा कप आणि नवा फिल्टर आणल्यावर जुनाच डोस पुरला.

म्हणून वेळ मोजत जा. ३ ते ४ मिली औषध साधारण ५ ते १० मिनिटांत संपावे. फडफड असा आवाज येऊन धुके थांबले की औषध संपले असे समजा. वेळ हळूहळू वाढत असेल, धुके विरळ दिसत असेल किंवा कपाच्या सांध्यातून हवा गळत असेल तर कप बदला. फिल्टर म्हणजे यंत्राच्या बाजूच्या छोट्या झाकणाखालचा पांढरा स्पंज. तो महिन्यातून एकदा बघा. रंग बदलला की नवा घाला. बरेच फिल्टर धुण्याजोगे नसतात, ओला फिल्टर तर मुळीच बसवू नये. यंत्र गादीवर किंवा रजईवर ठेवून चालवले की खालच्या जाळ्या बंद होतात आणि ते तापते, तेव्हा टेबलावर ठेवा. बाहेरून प्लग काढून ओलसर कपड्याने पुसणे एवढेच पुरे.

बॅटरीवर चालणाऱ्या लहान मेश नेब्युलायझरची जाळी फार नाजूक असते. तिला बोट किंवा कापूस लावू नका आणि पुस्तिकेत लिहिले नसेल तर उकळूही नका.

एक यंत्र, दोन रुग्ण

रात्री-अपरात्री शेजारच्या मुलाला धाप लागली तर यंत्र द्यायला नाही म्हणू नये, पण कप, मास्क आणि नळी ज्याची त्याचीच हवी. या संचाची किंमत यंत्राच्या मानाने अगदी कमी असते. घरात आजी आणि नातू दोघांना लागत असेल तर दोघांच्या डब्यांवर नावे लिहा. घरात कोणाला क्षयरोग झाला असेल किंवा तशी शंका असेल तर एकमेकांचे साहित्य वापरण्याचा प्रश्नच येत नाही.

स्वच्छतेचा थोडा भाग रुग्णाच्या अंगावरही करायचा असतो. ब्युडेसोनाइडसारखे स्टेरॉइड घेतल्यावर चूळ भरून थुंकावी आणि मास्क वापरला असेल तर तोंड धुवावे, नाहीतर तोंडात बुरशीचे पांढरे चट्टे येतात. इप्राट्रोपियम असलेले औषध मास्कच्या फटीतून डोळ्यांत जाऊ शकते. काचबिंदूच्या रुग्णांनी शक्यतो माउथपीस वापरावे.

आणि हेही विचारा की नेब्युलायझर खरेच लागतो का. दम्याच्या बऱ्याच रुग्णांमध्ये इनहेलर स्पेसरसह नीट घेतला तर तितकाच परिणाम मिळतो आणि धुण्याचे कामही खूप कमी होते. ही निवड डॉक्टरांशी बोलूनच करा. सुरू असलेला नेब्युलायझर परस्पर बंद करू नका.

डॉक्टरांकडे कधी जावे?

नेब्युलायझर सुरू असताना नव्याने ताप आला, कफ हिरवा-पिवळा किंवा जास्त झाला, छातीत दुखू लागले तर दाखवून घ्या आणि कप-मास्क सोबत न्या. आराम देणारे औषध ४ तासांच्या आत पुन्हा लागत असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. धाप लागून एक वाक्यही सलग बोलता येत नसेल, ओठ किंवा नखे निळसर दिसत असतील, रुग्ण गुंगीत जात असेल किंवा लहान मुलाच्या बरगड्यांमधली कातडी श्वास घेताना आत ओढली जात असेल तर १०८ ला फोन करा. रुग्णवाहिका येईपर्यंत डॉक्टरांनी लिहून दिलेले आराम देणारे औषध सुरू ठेवा. त्या वेळी कप धुतला आहे की नाही हे बघत बसू नका.